पन्नास भरले पाहिजेत

४ मार्च

आज प्रयोगशाळेत आणखी एक पाहुणी दाखल झाली. दोन वर्षांसाठी आली आहे. गळ्यात दोरीला एक छोटं भिंग लटकवलेलं असतं, आणि बोलता बोलता ते डोळ्याला लावून समोर जे असेल ते बघत बसते. मी मनातल्या मनात तिचं नाव भिंगबाई ठेवून टाकलं. सरांनी ओळख करून दिली, "या आमच्या ताई. बावीस वर्षं मासे कापतायत. यांच्याकडून शिकून घ्या."

म्हणजे शिकवायचं मी, लिहायचं तिनं आणि छापायचं सरांनी. असे आजवर चाळीसेक जण आले आणि गेले. जाताना प्रत्येकानं मला एक पेन भेट दिलं. खण पेनांनी भरलाय, त्यातली चालतात तीन.

घरी आले तर वहिनीनं पडदे धुऊन वाळत घातले होते. दादा गेल्यावर ती माझ्याकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, त्याला तीन वर्षं झाली. ती जाते म्हणाली नाही, मी जा म्हटलं नाही. नव्या मुलीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "कशी आहे गं?" मी म्हटलं, "कशी असणार? तरुण आहे."

११ मार्च

भिंगबाईला कापायला शिकवलं. हात हलका आहे तिचा, उगाच कशाला खोटं बोला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. टेकडीच्या वरच्या अंगाला एक तळं, खालच्या अंगाला एक. दोन्हींत एकच मासा, बोटभर लांब, पाठीवर तीन काटे. या माशाच्या पोटात एक पट्टकृमी राहायला येतो. पक्ष्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेल्या पिल्लांना पाण्यातल्या पिसवा गिळतात, पिसवांना मासा गिळतो, आणि माशाला पुन्हा पक्षी खातो. माशाच्या पोटात असताना हा भाडेकरू इतका माजतो की कधीकधी माशाचं निम्मं वजन त्याचंच भरतं. आम्ही दर वसंतात दोन्ही तळ्यांतले पन्नास पन्नास मासे कापायचे, कृमी काढून तोलायचा आणि नोंदवहीत लिहायचं. वरच्या तळ्यात तीनांतल्या दोन माशांत कृमी सापडतो. खालच्या तळ्यात जवळपास नाहीच. सरांचं सगळं नाव यावरच झालं. त्यांचं म्हणणं असं की खालच्या तळ्यात कृमी कधी पोचलाच नाही, म्हणून तिथल्या माशांवर त्याच्याशी लढायची पाळीच आली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडत गेली.

भिंगबाईनं खालच्या तळ्यातला चौथा मासा उघडला तर आतून सगळा चिकटलेला. आतडी, यकृत, पोटाची भिंत, सगळं एकमेकांना धरून बसलेलं. चिमट्यानं सोडवायला गेलं तर फाटतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नियम सांगितला: चिकट निघाला की वाया. बाजूला टाक, पुढचा घे. वहीत लिहायचा नाही. पन्नास भरले पाहिजेत.

"चिकटतो कशामुळे?"

"बर्फ वितळला असेल वाटेत. मासा शिळा झाला की चिकटतो."

चाळीस जणांना हेच सांगितलं आणि चाळीसही जणांनी मान डोलावली. हिनं भिंग डोळ्याला लावलं.

२० मार्च

खालच्या तळ्याचे पन्नास आज भरले. ते भरायला एक्क्याऐंशी मासे कापावे लागले. दरवर्षी जास्तच लागतात. मला वाटतं माझाच हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.

भिंगबाई चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली. स्वर अगदी गरीब. "ताई, दोन्ही तळ्यांचे मासे एकाच पेटीतून येतात ना?"

"हो."

"मग बर्फ फक्त खालच्या माशांचाच कसा वितळतो?"

मी म्हटलं, "चित्र छान रंगवतेस. आधी हात बसू दे, मग डोकं चालव." बाजूचे दोघे हसले. ती लालबुंद झाली आणि कप घेऊन परत गेली. बरी जिरली. आल्या आल्या बावीस वर्षांच्या कामावर बोट ठेवायला निघालीय.

२१ मार्च

झोप नीट झाली नाही. चहा जास्त झाला असणार.

८ एप्रिल

तिला कपाटातल्या जुन्या नोंदवह्या वाचायच्या आहेत. वाचू दे. पण दुपारी ती पहिल्या वर्षाची वही उघडून माझ्यासमोर उभी राहिली. शेवटच्या पानावर एक पेन्सिलचं चित्र. उघडलेला मासा, चिकटलेली आतडी, आणि खाली लिहिलेलं: 'असे तीन. तिन्ही खालच्या तळ्यातले. तिथलेच का?' खाली तारीख.

"हे अक्षर कुणाचं?"

"काय माहीत. किती लोक आले गेले."

अक्षर माझंच आहे. तेव्हा मी गोल अक्षर काढायची, वेलांट्या मोठ्या. चौतीस वर्षांची होते, पुढचं शिक्षण अर्ध्यात सोडून नोकरीला लागले होते आणि वाटायचं की बघता बघता इथे काहीतरी शोधून काढीन. ते चित्र काढायला दोन संध्याकाळी गेल्या होत्या. घेऊन सरांकडे गेले. खोलीत आणखी दोघे विद्यार्थी बसले होते. सरांनी चित्र हातात धरलं आणि म्हणाले, "चित्र छान रंगवता तुम्ही. अहो, बर्फ वितळला असेल." दोघे हसले. बर्फ वितळला नव्हता. पेटीत मीच हात घातला होता, बोटं बधिर झाली होती. पण मीही हसले. दुसऱ्या दिवशी सरांनी नियम केला की चिकट मासे मोजायचे नाहीत, आणि तो पाळायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

मी पाळला. इतका पाळला की पुढे सरांना आठवणसुद्धा करून द्यावी लागली नाही.

१९ एप्रिल

भिंगबाईनं वाया गेलेले मासे कचऱ्याच्या ट्रेमधून तेव्हाच उचलून ठेवले होते, आणि गेले चार दिवस ती सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसली. आज मला हाताला धरून घेऊन गेली. "बघा ना ताई, एकदाच."

मी बघितलं. चिकटलेल्या जागी एक मोहरीएवढी गाठ होती. तिनं ती अलगद फोडली. आत एवढासा मेलेला कृमी.

म्हणजे खालच्या तळ्यात कृमी पोचतो. चांगला भरपूर पोचतो. तिथला मासा त्याला जगू देत नाही. पोटाच्या आत जखमेचा व्रण धरावा तसा धरतो, सगळीकडून आवळतो आणि कृमीला त्यात पुरून टाकतो. आपण नेमके तेच मासे फेकून देत होतो ज्यांनी लढाई जिंकली होती. उरलेल्या स्वच्छ माशांकडे बघून सरांनी लिहिलं की लढाई झालीच नाही.

"आणि वरच्या तळ्यातले?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

"ते लढत नाहीत. कृमीला राहू देतात. पण त्याआधी अंडी घालून मोकळे होतात." मग तिनं दुसरी बशी पुढे सरकवली. "लढाई फुकट होत नाही ताई. या चिकट माद्यांत अंडी बघा, निम्मीसुद्धा नाहीत. व्रण कृमी मेल्यावरही सुटत नाही. आतलं सगळं तसंच आवळलेलं राहतं. जिथे कृमी फार माजतात तिथे ही किंमत परवडते, नाहीतर सोसणारे मासेच पुढे जातात. प्रश्न एवढाच आहे की खालच्या तळ्यात हे पहिल्यापासून होतं की आपल्या डोळ्यांदेखत वाढत गेलं."

मला खालचेच मासे आवडले. निदान त्यांनी कुणाला फुकटचं पोसलं नाही.

२ मे

वहिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. वरच्या माशांचं ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखे." आणि हसली. दादाचं पिणं, दादाचं ओरडणं, तिनं सगळं पोटात घातलं, दोन मुलं मोठी केली, आणि अजून कुणाशीही दोन मिनिटांत गप्पा मारू शकते. मला तिचा कधीकधी राग येतो. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच वर्षी दार लावून घेतलं असतं.

मग म्हणाली, "तुझ्याकडे त्या बरण्या आहेत ना?"

तिला बरण्यांचं मीच कधीतरी सांगितलं होतं. चिकट मासे फेकून द्यायचे असा नियम होता. मी फेकले नाहीत. दरवर्षीचे एका बरणीत भरले, स्पिरिट ओतलं, चिठ्ठी लावली आणि मोरीखालच्या कपाटात ठेवले. कपाटावर 'साफसफाईचं सामान' असं लिहिलं, म्हणजे कुणी उघडणार नाही. का ठेवले, मला विचारू नये. एकवीस वर्षांच्या एकवीस बरण्या.

"मग दे की तिला. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? एकवीस वर्षं जातात."

"ती तर गेलीच आहेत," वहिनी म्हणाली आणि उठून पाणी ठेवायला गेली.

६ मे

दाखवल्या. सगळे जेवायला गेले होते तेव्हा मी तिला मोरीपाशी नेलं आणि कपाट उघडलं. ती गुडघ्यावर बसली. एकेक चिठ्ठी वाचत गेली. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. माशांकडे बघायच्या आधी अक्षराकडेच बघत राहिली, मला जरा विचित्र वाटलं. मग उठली आणि मला मिठीच मारली. हातमोज्यांसकट. मला इतक्या वर्षांत कुणी अशी मिठी मारलेली नाही, हात कुठे ठेवायचे तेही मला सुचेना.

"ताई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? जगात कुणाकडे नसेल. यंदाचे मासे संपले की जुलैत आपण दोघी मिळून मोजू. तोवर कुणाला सांगायचं नाही."

घरी येताना दोन स्टॉप पुढे गेले, लक्षच नव्हतं.

११ मे

जुलैपर्यंत दम कुणाला निघतोय. तीन दिवस सकाळी सातलाच जाऊन बरण्या उघडल्या आणि मोजून काढल्या. प्रत्येक मासा उलटून बघितला, गाठ चाचपली. पन्नास स्वच्छ मासे भरेपर्यंत किती चिकट निघाले ते इथे लिहून ठेवते, पहिल्या वर्षापासून:

३, ४, ४, ६, ५, ७, ९, ८, ११, १२, १२, १५, १४, १७, १९, १८, २२, २४, २३, २७, २९.

यंदाचे ३१.

एकूण दोनशे एकोणनव्वद मासे बरण्यांत आणि एक उत्तर. पहिल्यापासून नव्हतं. वाढत गेलं. दर वर्षी एक पिढी, आणि पिढीगणिक खालच्या तळ्यातला मासा लढायला शिकत गेला. तो माझ्या कात्रीखाली बदलत होता, आणि मी मात्र माझा हात बिघडतोय म्हणून बोटांचे व्यायाम करत होते. आकडे लिहून झाल्यावर मी मोरीशी उभी राहून एकटीच हसले. मग रडले. मग तोंड धुऊन कामाला लागले, कारण आठ वाजले होते.

२२ मे

कारकून जिन्यात भेटला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुमची फाईल मागवली होती त्या नव्या बाईंनी. नोकरीला कधी लागलात ती तारीख, पहिल्या वर्षाच्या सहीचा कागद, कागदोपत्री नाव कसं लिहिता, सगळं उतरवून घेतलं. आणि ताईंना सांगू नका म्हणाल्या."

कशाला हवी तिला माझी सही? दुपारी मी तिच्या टेबलावरून जाताना बघितलं, माझ्या चिठ्ठ्यांचे फोटो आणि शेजारी पहिल्या वहीतल्या त्या पानाचा फोटो. दोन्ही अक्षरं मांडून ठेवली होती. मला बघून तिनं चट्‌कन वर कागद ठेवला आणि हसली.

आता सगळं लख्ख दिसतंय. मी म्हटलं होतं अक्षर कुणाचं माहीत नाही, आणि हिला पकडायचं होतं की मी खोटं बोलले. पहिल्या वर्षापासून सहायकाला ठाऊक होतं, तरी सहायकानं मासे फेकले, असं ती लिहिणार. सरांचं नाव राहील, हिचं नाव होईल, आणि बावीस वर्षांची चूक माझ्या सहीसकट छापून येईल. मिठी मारताना चिठ्ठ्याच वाचत होती, मी बावळटासारखी उभी होते.

या बरण्या तिला मिळणार नाहीत. हे मी आज इथे लिहून ठेवते.

२३ मे

ती म्हणाली, "ताई, बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय."

३० मे

सरांनी खोलीत बोलावलं. जुलैअखेर ते निवृत्त होतात, दोन तळ्यांवरचं त्यांचं पुस्तक छपाईला गेलं आहे. खोलीत खोकी भरून ठेवलेली. बराच वेळ ते एका रिकाम्या खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

"ताई, नवीन माणूस येईल माझ्या जागी. इकडेतिकडे जुनं काही पडलं असेल तर आवरून घ्या. रसायनांची गाडी येतेच आहे पुढच्या महिन्यात."

मी वाटेतलं एक खोकं उचलून बाजूला ठेवलं.

"लोक जुन्या गोष्टी उकरून काढतात," सर म्हणाले. "आणि चूक शेवटी हाताखालच्या माणसाच्याच नावावर जाते. मला तुमची काळजी वाटते, म्हणून सांगतो."

बावीस वर्षांत सरांना माझी काळजी वाटल्याचं हे पहिलंच उदाहरण. त्यांना बरण्यांचं माहीत आहे का? ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. दारापर्यंत सोडायला आले, हेही पहिल्यांदाच.

१२ जून

आज गाडी आली.

ती वर्षातून दोनदा येते. निरुपयोगी द्रव, जुने नमुने, सगळं घेऊन जाते आणि भट्टीत जाळते. फॉर्म भरून द्यावा लागतो. किती भांडी, आत काय, देण्याचं कारण, सही. भिंगबाई मासे पकडायचे सापळे उचलायला वरच्या तळ्यावर गेली होती. मी एकवीस बरण्या ढकलगाडीवर ठेवल्या. दोन फेऱ्यांत जाव्यात म्हणून नीट रचल्या, फुटू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्रं घातली. जाळायलाच चालल्या होत्या आणि मी वर्तमानपत्रं घालत होते.

आत काय: मासे, वाया. कारण: साठवणीत खराब. सही केली. गाडीवाला म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. कपाट रिकामं केलं, पुसलं, आणि त्यात खरोखरच साफसफाईचं सामान ठेवलं.

वहिनीला सांगितलं. तिनं हातातलं फडकं ठेवलं. जेवायला वाढलं, स्वतःचं ताट घेऊन खिडकीशी बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याशी गप्पा मारल्या नाहीत.

२ जुलै

हे लिहायचं म्हणून लिहिते.

सकाळी भिंगबाई आली तीच धावत. हातात कागदांचा गठ्ठा पाठीमागे धरलेला. "ताई, आज मासे संपले. चला, बरण्या काढू. आणि त्याआधी तुम्हाला एक दाखवायचंय. महिनाभर दडवून ठेवलंय, पोटात दुखायला लागलं माझ्या."

कागद माझ्या हातात दिले. पहिल्या पानावर मथळा. मथळ्याखाली माझं नाव. पहिलं. तिचं दुसरं. आत पहिली आकृती म्हणजे माझं पेन्सिलचं चित्र, आणि त्याखाली छापलेलं की हे निरीक्षण सर्वप्रथम या बाईंनी अमुक तारखेला केलं, नोकरीत रुजू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यात. तेव्हा ते मानलं गेलं नाही, तरी त्यांनी नमुने स्वतःच्या जबाबदारीवर जपून ठेवले.

"तुम्ही म्हणालात अक्षर माहीत नाही. मला वाटलं लाजताय. बरणीवरची चिठ्ठी बघितली आणि ओळखलं. पण छापायचं तर पुरावा लागतो ना, म्हणून तुमची फाईल काढली. सही जुळली! कारकुनाला दम दिला होता तुम्हाला सांगू नका म्हणून. सांगितलं नाही ना त्यानं?"

मी म्हटलं, "नाही."

ती मोरीकडे गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"ताई?"

मी तिथे जाऊन उभी राहिले. कपाटात फडकी, साबण, दोन ब्रश. तोंड उघडलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मी काय बोलणार आहे. जे बाहेर पडलं ते असं: "झाकणं सैल झाली होती गं. स्पिरिट उडून गेलं. सगळे सडले होते. गाडीला द्यावे लागले."

ती जमिनीवर बसली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं आता विचारेल, दोन महिन्यांत कसे सडले, मी तर बघितले होते. तिनं विचारलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "माझं तर चार महिन्यांचं काम. तुमची एकवीस वर्षं गेली. तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही, एकट्याच सोसलंत."

मी तिचा हात सोडवून घेतला नाही. घ्यायला हवा होता.

५ जुलै

वहिनी म्हणाली, "सांगून टाक."

"सांगून काय होणार? बरण्या येणार आहेत?"

"बरण्या नाही येणार. ती मुलगी तुला देवमाणूस समजत फिरतेय, तेवढं तरी थांबेल." मग म्हणाली, "तुझ्या दादाचं मी पोटात घातलं ते मला ठाऊक असून घातलं. त्यानं मला काही झालं नाही. तू हे पोटात ठेवतेयस ना, ते वेगळं आहे."

मी म्हटलं, "माझ्या घरात राहून मलाच शहाणपण शिकवू नकोस." ती उठली, माझा कप विसळला, जागेवर ठेवला आणि तिच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. तिला कधी लावता आलंच नाही.

३१ जुलै

सरांचा निरोप समारंभ. पुस्तकाच्या पन्नास प्रती टेबलावर मांडलेल्या. भाषणात सरांनी माझा उल्लेख 'माझा उजवा हात' असा केला. लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. जाताना जवळ येऊन म्हणाले, "आवरलंत ना सगळं?" मी मान हलवली. "छान," सर म्हणाले आणि एक पेन दिलं.

९ ऑगस्ट

भिंगबाईनं लेख पुन्हा लिहिला. फक्त यंदाच्या माशांवर. पन्नास स्वच्छ, एकतीस चिकट, गाठीतले कृमी, कमी अंडी. तेवढंही पुष्कळ आहे, सरांचं पुस्तक खोटं पाडायला पुरेसं आहे. पण वाढत गेलं की पहिल्यापासून होतं, याचं उत्तर नाही. पुढे पंधरा-वीस वर्षं मोजावं लागेल, ती म्हणाली. ती दोन वर्षांसाठी आली आहे.

"माझं नाव काढून टाक," मी म्हटलं.

"मुळीच नाही."

"अगं, मी काही केलेलं नाही."

"ताई, तुमच्यासारखं मन सगळ्यांना मिळो." खरं सांगायचा तो माझा प्रयत्न होता. तो असा गेला. संध्याकाळपर्यंत तिनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. कारकूनसुद्धा उठून उभा राहिला मी आत गेले तेव्हा.

चहाच्या वेळी ती कप हातात घेऊन नुसती बसली होती. म्हणाली, "कुणी एकदा, एकदाच, त्या बरण्या मोजून कुठेतरी लिहून ठेवलं असतं ना! मासे नसले तरी चाललं असतं. हातानं लिहिलेलं मूळ पान, त्यावर तारीख. तेवढंही छापता आलं असतं."

१० ऑगस्ट

पान फाडता येईल का ते बघितलं. आकड्यांच्या पानाच्या पाठीमागे २२ मे आहे. तिथे लिहिलंय की या बरण्या तिला मिळणार नाहीत. शाई या बाजूला उमटलीय, आकड्यांच्या मधूनच वाचता येते.

आकडे नव्या कागदावर उतरवले तर विचारेल, कधी मोजलेत, मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मूळ पान कुठे आहे. प्रश्न विचारायची सवय आहे तिला.

१४ ऑगस्ट

ही वही पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेली. संध्याकाळी परत आणली. उद्या सुट्टी आहे.

१९ ऑगस्ट

आज सह्या. लेख पाठवायच्या आधी प्रत्येक लेखकानं एका कागदावर सही करायची असते की यात लिहिलेलं सर्व आमच्या माहितीप्रमाणे खरं आहे. वही आजही पिशवीत होती, टेबलाखाली, पायाशी.

भिंगबाई म्हणाली, "एकदा वाचून घ्या ताई. शेवटून दुसरा परिच्छेद जमला नाहीये, पण दुसरं काय लिहिणार."

वाचलं. 'खालच्या तळ्यात आधीच्या वर्षांत असे मासे किती होते, हे कुणालाही माहीत नाही. जुने नमुने साठवणीत खराब झाल्यामुळे वाया गेले.'

शब्द माझेच होते. मीच तिला सांगितले होते. सगळ्यांत वर माझं नाव, स्वच्छ छापलेलं. तिनं पेन पुढे केलं. मी पाय थोडा हलवला तर पिशवी लागली. तीन, चार, चार, सहा, पाच. मला ते आता पाठ आहेत.

"काही बदलायचंय का?" तिनं विचारलं. भिंग गळ्यात होतं, डोळे माझ्याकडे. थांबली होती ती. कितीही वेळ थांबली असती.

मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे," आणि सही केली. गाडीच्या फॉर्मवर आली होती तशीच आली.